मागच्या टायरला फुगा आला? साइजच्या पुढचा आकडा बघा

शिरपूरच्या दादा, तुम्ही लिहिलंय की मागचा टायर नवा टाकून आठ महिनेही झाले नाहीत, बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय आणि दुकानदार खड्ड्यावर ढकलून मोकळा झालाय. वाचून मला माझाच उन्हाळा आठवला. खड्ड्याने फुगा येतो, नाही म्हणत नाही. पण त्याआधी एक गोष्ट तपासा.

साइज आणि तारखेचे चार आकडे (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) तुम्ही पाहिलेच असतील. मी सांगतोय तो साइजच्या पुढचा आकडा, ज्याला एक इंग्रजी अक्षर चिकटलेलं असतं.

माझी जुनी स्प्लेंडर. रोज सकाळी दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन लावून दूध घालतो. मागचा टायर घासला तेव्हा दुकानात फक्त "२.७५-१८ द्या" म्हणालो. त्याने दिला, मी बसवून घेतला. माझी चूक ती हीच. सहा महिन्यांत फुगा आला आणि मे महिन्यात पारोळा-अमळनेर रस्त्यावर टायर फुटला. दोन्ही कॅन आडवे झाले. मला खरचटण्यावर भागलं, पण सगळं दूध डांबरावर गेलं.

बिल जपून ठेवलं होतं, म्हणून क्लेमला गेलो. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही. तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा "टायर ठेवून जा", तिसऱ्यांदा कागदावर एकच शब्द, "ओव्हरलोड". का, कसं, कोणी सांगेना. खिडकीतल्या माणसाने टायरला हातसुद्धा लावला नव्हता. आजही आठवलं की डोकं तापतं. मला पैसे नको होते हो, कारण हवं होतं.

कारण घरीच सापडलं. काढलेला जुना टायर गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून टाकला होता. तो खाली घेतला, ओल्या बोळ्याने कड पुसली. २.७५-१८, ६ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या थरांच्या ताकदीचा आकडा), ४८पी. फुटलेल्यावर होतं २.७५-१८, ४ पीआर, ४२पी. साइज अगदी तीच. ४८ म्हणजे १८० किलोपर्यंत वजन, ४२ म्हणजे १५०. त्या गाडीला ४२ चा पुढे बसतो, ४८ चा मागे. मला पुढचा टायर मागे बसवून दिला होता. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "साईज तीच शे ना भाऊ, काही व्हत नही." व्हतं भाऊ. माझं झालं.

आपल्याकडे पोरं शेवटचं अक्षरच बघतात. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरची मर्यादा. कॅन लावून तेवढा वेग कोणाला लागतो? अक्षराच्या आधीचा आकडा मात्र कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीत एकाने तर ४२ हा हवेचा आकडा समजून पुढच्या चाकात ४२ ची हवा भरली होती. हवा किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर बघायचं. टायरच्या कडेवर हवेचा आकडा छापलेला असला तरी तो जास्तीत जास्त किती, याचा असतो.

आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची पद्धत कृपा करून सोडा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो, त्यात आपल्याकडचा ४५ अंशांच्या उन्हातला रस्ता. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा, पंपावर पोचून गरम झाल्यावर नाही.

मी मेकॅनिक नाही. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमची वेगळी असेल तर तिच्या पुस्तकातले धरा. आकडा बरोबर निघाला तर दुकानदाराचं खड्ड्याचं म्हणणं खरंही असेल. पण फुगा आलेल्या टायरवर आता एक किलोमीटरही जाऊ नका, हे मात्र ठाम सांगतो. क्लेमला टायर देण्याआधी कड पुसून पूर्ण अक्षरांचे फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते. नवा घेताना दुकानदाराकडून साइजसोबत तो आकडाही बिलावर लिहून घ्या. कुरकुर करेल, करू द्या.