बागेत रात्री कोण येतं? ट्रेल कॅमेरा लावण्याआधी

रत्नागिरीजवळच्या आंबा-काजूच्या बागेत रात्री कोण फिरतं ते बघायला ट्रेल कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावायचाय, परवानगी लागते का आणि कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

परवानगीचं आधी. स्वतःच्या बागेत वेगळा परवाना लागत नाही. सातबारा सामाईक असेल तर मात्र भाऊबंदांच्या कानावर घाला, नाहीतर बिबट्या राहील बाजूला आणि तंटाच सापडेल. गडग्यापलीकडे, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणापलीकडे, वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगीशिवाय तिथे लावू नका. फणसाडसारख्या अभयारण्यात तर आत शिरायलाच परवानगी लागते. आणि माणसांची वाट, पाणवठा चौकटीत नको. बायाबापड्यांचे फोटो निघाले की गावात तोंड दाखवता येणार नाही.

कुठला कॅमेरा, हे नंतर. आधी जागा शोधा. गडग्याच्या कडेने सावकाश एक फेरी मारा. जिथे दगड ढासळलेत तिथे खाली बसून बघा. कडेला घासलेला चिखल, त्यात रानडुकराचे राठ केस, कधी साळिंदराचा काटा. उडी मारण्यापेक्षा खिंडार सगळ्यांनाच सोयीचं.

तिथून ३-४ मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला कॅमेरा बांधा. खवले मांजरासाठी आणखी खाली. वाटेला काटकोनात लावलात तर बऱ्याचदा नुसती शेपटी मिळते, म्हणून तिरका लावा. तोंड उत्तरेकडे असलं की सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगावर येत नाही. समोरचं गवत काढाच. सेन्सर हलत्या उष्णतेवर चालतो, त्यामुळे उन्हात डुलणारं गवतसुद्धा त्याला जनावर वाटतं आणि सकाळी कार्डात शेकडो रिकामे फोटो. उलट मे महिन्याच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा समोरून गेलेलं खरं जनावर निसटतं.

फ्लॅश ९४० नॅनोमीटरचा (अवरक्त, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा) घ्या. पल्ला थोडा कमी, पण ८५० वाल्याचा लाल ठिपका अंधारात दिसतो, आणि चोरालाही दिसतो. खाऱ्या हवेने बॅटरीचे पॉइंट गंजतात, तेव्हा कार्ड बदलताना ते पुसा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा. तारीख-वेळ नीट लावा. पावसाळ्यात मी कॅमेरा सरळ काढून ठेवतो. तो जलरोधक असल्याचं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण आपला पाऊस त्या लिहिणाऱ्याने पाहिलेला नसतो.

बिबट्या यावा म्हणून कोंबडी-मटणाचे तुकडे टाकू नका. त्याला घराची सवय लागली की कुत्री जातात, मग वासरं.

फोटो मिळाल्यावरही घाई नको. खवले मांजर १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि खवल्यांसाठी त्याची तस्करी होते. व्हॉट्सअॅपवर वाडीच्या नावासकट फोटो टाकणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. फोटोत तारेची फासकी किंवा बंदूकवाले दिसले तर स्वतः कुणाला जाब विचारायला जाऊ नका. मूळ कार्ड काढून ठेवा आणि वनखात्याला १९२६ या फोन क्रमांकावर कळवा.