पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी एफ/१.८ लेन्स नवी घ्यावी की वापरलेली?

आपला कॅमेरा निकॉन डी५६०० आहे, असे आपण लिहिले आहे. लेन्स हातात घेऊन तपासता येणार असेल तर वापरलेली घ्यावी, असे माझे मत आहे, कारण अशा प्राइम म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्समध्ये झूमच्या मानाने हलणारे भाग कमी असल्याने ती सहसा चांगली टिकते. मात्र जुनी 'डी' प्रकारची लेन्स स्वस्त मिळाली तरी टाळावी. तिच्यात फोकसची मोटर नसते आणि आपल्या बॉडीतही ती नाही, त्यामुळे ऑटोफोकस चालणारच नाही. स्वतःची मोटर असलेली एएफ-एस 'जी' लेन्सच मागावी.

तपासताना माउंटजवळची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते त्या कड्याजवळची, छोटी पट्टी सरकवून प्रकाश आत येण्याचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर उघडावे, मागून टॉर्च मारावा आणि काचेतून तिरके पाहावे. थोडी धूळ चालेल, परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजून व्यवहार तिथेच थांबवावा. कोकणातले पावसाळे काढलेल्या लेन्सबाबत तर हे आवर्जून पाहावे. पट्टी सोडताच अ‍ॅपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. मग एफ/१.८ वर, म्हणजे हे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, डोळ्यावर फोकस करून काही फोटो काढावेत आणि फोटोतला पापण्यांचा भाग मोठा करून केस स्पष्ट आले आहेत का ते पाहावे. किमतीतला फरक किरकोळ असेल किंवा लेन्स न पाहता कुरिअरनेच मागवायची असेल, तर वॉरंटीसह नवीच घ्यावी.