ट्रंपेट तेच, मग आमच्या बँडसारखं का वाजत नाही?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, वराती, गणपती मिरवणूक वगैरे. मुलानं मोबाईलवर एका मोठ्या बँडचा व्हिडिओ दाखवला, लॅटिन जॅझ, सोल आणि फंक मिक्स करतात म्हणे. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्स, निम्मी वाद्यं आमचीच की! तरी एवढं वेगळं का वाजतं? आम्हाला जमंल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : जमंल की दादा, न जमायला काय झालं. वरातीत फटाके, हॉर्न, जनरेटर, त्यातून गाणं ओळखू यायला पाहिजे म्हणून तुम्ही सगळे मिळून मुखडाच उचलता आणि तिथं ते बरोबरच आहे. व्हिडिओतल्यासारख्या बिग बँडमध्ये साधारण ४ ट्रंपेट, ४ ट्रॉम्बोन, ५ सॅक्स, आणि प्रत्येक गटाचं बोलणं वेगळं. सॅक्सनं ओळ म्हटली की ट्रंपेट दोन सुरांत जवाब देणार आणि गप्प बसणार. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, त्यात ही सवय चर्चमधल्या गॉस्पेल भक्तिगीतांतून आलीय, आपल्या भजनात बुवा म्हणतो आणि मागचे उचलतात तसंच.

पण खरी मजा तालात आहे. १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. ही क्यूबाची क्लावे, म्हणजे पाच टाळ्यांचा मूळ ठेका, सगळा बँड हिच्यावर उभा असतो, कुणी वाजवत नसलं तरी. आता बेस ऐका, लॅटिनमध्ये, म्हणजे क्यूबाकडच्या संगीतात, तो बऱ्याचदा समेवर येतच नाही, दर ८ मात्रांत ४ आणि ७ वर पडतो, ७ चा सूर तसाच पुढं ओढतो आणि सम रिकामी सोडतो, म्हणून पाय आपोआप पुढं सरकतो. फंक, म्हणजे सोलमधून निघालेलं नाचाचं संगीत, बरोबर उलटं, तिथं सम दणकून द्यायची, अमेरिकन गायक जेम्स ब्राउननं साठच्या दशकात सगळ्या बँडला तेच लावलं. म्हणजे एकाला सम रिकामी पाहिजे, दुसऱ्याला भरलेली, आणि दोन्ही एकाच गाण्यात आणायचं तर सम कुणाची हे आधी ठरवावं लागतं. ज्यांनी ठरवलेलं नसतं त्यांचा नुसता गलका होतो, माझं स्पष्ट मत.

या मिश्रणाची सुरुवात जुनी आहे. १९४० ला न्यूयॉर्कमध्ये क्यूबाचा गायक माचितो याचा बँड निघाला, ट्रंपेटवाल्या मारिओ बाउसानं त्यात क्यूबाचे ठेके आणि जॅझची ब्रास एकत्र बसवली. १९४७ ला जॅझचा ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी यानं क्यूबाच्या चानो पोझोला कोंगोवर, म्हणजे हातानं वाजवायच्या उंच ढोलावर, घेतलं. पुढं १९६३ मध्ये क्यूबाचा कोंगोवाला मोंगो सांतामारिया यानं जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकची ‘वॉटरमेलन मॅन’ ही चाल वाजवली आणि ती अमेरिकेत तुफान चालली. तुम्ही तीच आधी ऐका, चाल सोपी आहे, ब्रासला जागा भरपूर आहे.

बसवताना कोंगो नसला तरी अडत नाही, हलगीवाल्याला क्लावेच्या त्या पाच जागा द्या, मध्ये भरून वाजवायचं नाही असं बजावून सांगा, आणि ट्रंपेट निम्मेच ठेवा, बाकीच्यांना जवाबाला उभे करा.