कर्क्युमिनमधला ‘कर्क’ कर्करोगाचा नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘कर्क्युमिन कर्कपेशींना मारतं, म्हणून त्याच्या नावात कर्क आहे, असं एका लेखात वाचलं. खरं का?’

नाही. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. हळदीतला हा पिवळा पदार्थ वेगळा काढला १८१५ साली. कर्कपेशींना तगवणाऱ्या ज्या प्रथिनाला तो आवर घालतो, ते एनएफ-कप्पा-बी सापडलं १९८६ साली. मग नाव देणाऱ्याला कर्कपेशींचा सुगावा लागणार कुठून? कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी रोगाला खेकड्याचं नाव दिलं; त्या नावाचं हे भाषांतर.

कर्क्युमिन हे नाव आलं ‘कुर्कुमा’वरून, आणि खरी मौज त्या ‘कुर्कुमा’त आहे. हळदीच्या प्रजातीचं हे लॅटिन नाव अरबी ‘कुर्कुम’वरून आलं. त्याचा हिब्रू भाऊ ‘कर्कोम’, अर्थ केशर. संस्कृत ‘कुङ्कुम’ म्हणजेही केशरच! आणि आपलं कुंकू? ते हळदीचं. म्हणजे तिकडे गेलेला शब्द केशरावरून हळदीवर आला, आणि इकडचाही फिरून फिरून हळदीपाशीच थांबला. कुर्कुम आणि कुङ्कुम सख्खे आहेत असं माझं ठाम मत आहे. ‘नुसत्या ध्वनिसाम्यावरून नातं जोडू नये’ हा कोशकारांचा आक्षेप मला माहीत आहे, पण इथे साम्य नुसतं ध्वनीचं आहे कुठे? मूळ अर्थ तोच, रंग तोच, अर्थ सरकला तोही त्याच दिशेने. याहून आणखी काय पुरावा हवा? चिमूटभर हळद ओल्या चुन्यात तळहातावर चोळून बघा. पिवळ्याचं तांबडं होतं, ते कर्क्युमिनमुळेच. हळदीच्या कुंकवाची लाली ती हीच.

हां, त्या लेखात ‘जळजळविरोधी’ असंही छापलंय म्हणे. जळजळ छातीत होते, पेशींमधला तो दाह. एनएफ-कप्पा-बी एरवी पेशीत दुसऱ्या एका प्रथिनाने जखडलेलं असतं. सुटलं की केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. कर्क्युमिन ही सुटकाच अडवतं. अनेक कर्कपेशी याच प्रथिनाच्या जोरावर मरण टाळतात, त्यामुळे ते दबलं की प्रयोगशाळेच्या बशीत त्या मरू लागतात. ‘मारतं’ हे क्रियापद त्या बशीपुरतंच वापरा. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं.