तीन नकोत, एकच लॉज घे

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेरूतल्या तांबोपाताच्या जंगलात सहा रात्री मिळताहेत आणि त्यांत तीन लॉज बसवायचे की एकच, यावर आठवडाभर डोकं शिणवते आहेस. एकच घे.

राग मानू नकोस, पण तुझ्या तक्त्यातला 'पहाटे मकाव' हा रकाना बघून जीव तुटला. एकच पहाट! मीही पहिल्यांदा अशीच एक पहाट राखून ठेवली होती. मुक्काम दोन रात्रींचा. मकाव, म्हणजे ते मोठे रंगीत पोपट, नदीकाठच्या दरडीवर माती खायला येतात, तिच्यातून त्यांना सोडियम मिळतं, हे सगळं वाचून गेले होते. पाऊस असला की ते सहसा येत नाहीत, एवढंच माहीत नव्हतं. साडेचारला अंधारात होडीत बसलो. पाऊस थांबलाच नाही. समोर लाल, ओली, रिकामी दरड. दुपारी विमानतळाच्या गावी, पुएर्तो माल्दोनादोला परत. विमानात रडले, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून म्हणते, एका जागी राहा. लॉज बदलला की सामान, होडी, नवी खोली यात अर्धा दिवस जातो. शिवाय डोळे सरावायला वेळ लागतो गं. वरच्या उजेडातला जेमतेम दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतो, सुरुवातीला नुसती हिरवी भिंत दिसते. दुसऱ्या खेपेला मी लॉजमागच्या एकाच फळीवर रोज बसायचे. पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग तिच्यावरूनच जायची. त्या पानं खात नाहीत, त्यांवर बुरशी पिकवतात, हे ठाऊक होतं. पण काही तुकड्यांवर एकेक बारकी मुंगी स्वार असते, माश्यांपासून वाहणारीला राखायला, हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. तिसऱ्या! तुझ्या तक्त्याप्रमाणे तोवर तू दुसऱ्या लॉजवर सामान सोडत असशील.

लॉज खरंच जंगलाच्या भल्याचा आहे का, हे विचारलंस ते बरं केलंस. तिथल्याच इन्फिएर्नो गावच्या लोकांनी १९९६ साली एका कंपनीशी वीस वर्षांचा करार केला, नफ्यातले ६० टक्के गावाचे. त्यातून पोसादा आमासोनास हा लॉज उभा राहिला. नफा कुणाकडे जातो, तेवढं विचार. पाटीवर काय लिहिलंय ते सोड.

पहिल्या रात्री झोप लागणार नाही. बऱ्याच खोल्यांना जंगलाकडची भिंतच नसते, मच्छरदाणी तेवढी तुझी. पहाटे हाऊलर माकडं घुमायला लागली की वादळ आल्यासारखं वाटेल. कपडे वाळणार नाहीत. दुर्बीण हवाबंद डब्यात ठेव. हैराण होशील, तरी जागा बदलू नकोस.

त्या खेपेला मी सात रात्री एकाच लॉजवर काढल्या. इतक्या लांब जाऊन माचू पिच्चू पाहिलं नाही म्हणून घरचे अजून बोलतात. बोलू देत. मी बरोबरच केलं. पहिल्या चार पहाटा काहीच नाही. पाचव्या दिवशी आभाळ मोकळं होतं. मकाव जोडीजोडीने झाडांवर जमले आणि कितीतरी वेळ एकही खाली येईना. मग एक उतरला, दरडीला उलटा लटकला आणि चोचीने मातीचा ढेकूळ काढला. त्याच्यामागे सगळे. चार पहाटा त्या होडीत गारठले नसते तर पाचवी मला मिळाली असती का?

तक्ता बदलून पाठव. लॉजचं नाव एकच दिसू दे.