नाव कोणाचं, रंग कोणता?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. आमच्या गावात फुटबॉलची दोन मंडळं आहेत. एक वरच्या पुऱ्यातलं, दुसरं नाल्यापलीकडचं. दोन्हीकडचे मिळून चांगले खेळणारे पोट्टे पंधरा-सोळाच, पण वेगवेगळे उतरतात आणि तालुक्याच्या स्पर्धेतून पहिल्याच दिवशी घरी येतात. यंदा तान्ह्या पोळ्याला सगळे बसलो, एक व्हायचं ठरलं. मग दोन तास नावावर आणि बनियनच्या रंगावर वाद झाला अन् बैठक मोडली. मागच्या अंकात तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं, की तुर्कस्तानातल्या भांडणाऱ्या तालमी एक झाल्या आणि त्यांच्या क्लबानं लिव्हरपूलला हरवलं. ते सविस्तर सांगा. आमच्या बैठकीत वाचून दाखवतो.
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला आमच्या गावचे गोलपोस्ट आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडेही दोन मंडळं होती. सागाच्या दोन बल्ल्या एका मंडळानं आणल्या होत्या, वरचा आडवा बांबू दुसऱ्यानं. ज्या रात्री फाटलं त्या रात्री बांबू उतरवून नेला. सकाळी मी फक्की मारायला मैदानावर गेलो, तर बल्ल्या तशाच उभ्या आणि मधे नुसतं आभाळ. पोरांनी सुतळी बांधून वर्षभर खेळून काढलं. चेंडू सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर रोज भांडण. त्या वर्षीची माझी टीम मी पाहिलेली सगळ्यात गुणी टीम होती. ती कुठंच पोचली नाही. हे मला आजही सलतं, म्हणून तुम्हाला उत्तर जरा लांब देतो.

तो क्लब म्हणजे त्राब्झोनस्पोर. त्राब्झोन हे तुर्कस्तानच्या ईशान्येचं, काळ्या समुद्राच्या काठचं शहर. पुढे समुद्र, पाठीशी डोंगर, पाऊस भरपूर. हेझलनटच्या बागा आणि हम्सी नावाची बोटभर लांबीची मासळी, ही तिथली ओळख. इस्तंबूल तिथून हजार किलोमीटरहून जास्त लांब. राजधानी अंकारा असली तरी फुटबॉलची गादी इस्तंबूललाच होती. १९५९ मध्ये देशाची लीग सुरू झाली, तेव्हापासून विजेतेपद तिथल्या तीनच क्लबांच्या घरात फिरत होतं : फेनरबाहचे, गालातासराय आणि बेशिक्ताश. नावं परकी वाटतात, पण ‘बाहचे’ म्हणजे आपला बगीचा आणि ‘सराय’ म्हणजे वाडा, राजवाडा.

आता तालमींचं. मी तालीम म्हटलं ते उगाच नाही. त्राब्झोनमध्ये विसाव्या शतकाच्या विशीपासून दोन क्लब एकमेकांसमोर उभे होते : इद्मानोजाऊ आणि इद्मानग्युजू. ‘इद्मान’ म्हणजे व्यायाम, कसरत. ‘ओजाक’ म्हणजे चूल आणि ‘ग्युच’ म्हणजे ताकद. एक व्यायामाची चूल, दुसरी व्यायामाची ताकद. आपल्याकडच्या जुन्या आखाड्यांना शोभतील अशीच नावं आहेत. शहराचे या दोन नावांवर दोन तट होते आणि ते वैर दोन पिढ्या चाललं.

१९६३ मध्ये तिथं दुसऱ्या दर्जाची व्यावसायिक लीग सुरू झाली. फेडरेशनचं धोरण असं, की शहरातल्या लहान क्लबांनी एक व्हावं आणि शहराच्या नावानं एक तगडा संघ पाठवावा. त्या काही वर्षांत ‘शहराचं नाव आणि पुढे स्पोर’ असे क्लब एकामागून एक निघाले. १९६३ मध्ये बुर्सास्पोर, १९६५ मध्ये एस्किशेहिरस्पोर आणि साम्सुनस्पोर, १९६६ मध्ये कायसेरीस्पोर. स्पोर म्हणजे खेळ, बस. त्राब्झोन मात्र मागे राहिलं, कारण तुमच्यासारखंच त्यांचंही बैठकीत मोडत होतं. १९६६ मध्ये एक प्रयत्न झाला, पण तो सगळ्यांना सोबत घेऊ शकला नाही. शेवटी २ ऑगस्ट १९६७ ला जमलं. इद्मानोजाऊ, इद्मानग्युजू, आणि त्यांच्याबरोबर काराडेनिझग्युजू (काळ्या समुद्राची ताकद) व मार्तीस्पोर (मार्ती म्हणजे समुद्रपक्षी) असे चौघं मिळून त्राब्झोनस्पोर झाला.

बैठकीत हे दोन मुद्दे सावकाश वाचा. नाव चौघांपैकी कोणाचंच घेतलं नाही, गावाचं घेतलं. रंगही तसाच. इद्मानोजाऊचा पिवळा-लाल होता. नव्या क्लबानं तो घेतला नाही, समोरच्याचाही घेतला नाही. मरून आणि निळा असा वेगळाच जोड धरला. त्या दिवशी दोन्ही पुऱ्यांतल्या म्हाताऱ्यांना वाईट वाटलंच असेल. पण सगळ्यांना सारखं वाईट वाटलं की पुढचं सोपं जातं, हा माझा गावातल्या तेहतीस वर्षांचा अनुभव आहे.

एक झाल्याबरोबर जिंकले, असं मात्र नाही. हे पोट्ट्यांना मुद्दाम सांगा. सात हंगाम दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये गेले. १९७४ मध्ये वर चढले. पहिलं वर्ष तालिकेच्या मधे कुठंतरी संपलं, मात्र त्याच वर्षी तुर्की चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि बेशिक्ताशकडून हरले. आणि त्याच्या पुढच्याच हंगामात, १९७५-७६ ला, थेट लीगचं विजेतेपद! इस्तंबूलबाहेर ते पहिल्यांदाच गेलं. एस्किशेहिरस्पोर त्याआधी तीनदा दुसरा येऊन थांबला होता. त्राब्झोनची वस्ती तेव्हा लाखाच्या आतबाहेर होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी.

नंतर तर झपाटाच लागला. १९७५-७६ पासून १९८३-८४ पर्यंत नऊ हंगामांत सहा विजेतेपदं. या सहाही वेळी प्रशिक्षक त्राब्झोनचेच होते. चार वेळा अहमत सुआत ओझ्याझिजी, दोनदा ओझकान सुमेर. ओझ्याझिजी स्वतः जुन्या इद्मानोजाऊत खेळलेले. खेळाडूही बहुतेक तिथल्याच मोहल्ल्यांतले. मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. आपल्या विदर्भानं २०१८ च्या पहिल्या दिवशी इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक आणला, तेव्हा आमच्या शाळेत मी पेढे वाटले. पण त्या संघात वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईहून आले होते, आणि त्यांचा हात मोठा होता. त्यात कमीपणा काहीच नाही. त्राब्झोननं मात्र घरच्याच दाण्यांवर पीक काढलं.

आता लिव्हरपूल. २० ऑक्टोबर १९७६, युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची, दुसरी फेरी. त्राब्झोनचं युरोपातलं ते पहिलंच वर्ष, पहिल्या फेरीत आइसलंडच्या आक्रानेसला हरवून आलेले. समोर इंग्लंडचा विजेता. सामना त्राब्झोनच्या हुसेयिन आव्नी आकेर मैदानावर. १-० जिंकले. गोल पेनल्टीवर, मारणारा जेमिल उस्ता. ‘उस्ता’ म्हणजे आपला उस्ताद, कसबी कारागीर. हे त्याचं आडनाव. लोक त्याला ‘डोझर जेमिल’ म्हणत. आडवा आला त्याला बाजूला करत जाणारा गडी असणार, हे आपल्याला समजावून सांगायला नको, दरवर्षी तलाव खोलीकरणाला डोझर येतोच. दोन आठवड्यांनी परतीच्या सामन्यात लिव्हरपूलनं ३-० नं हिशेब चुकता केला आणि पुढे त्या वर्षीचा कपही त्यांनीच नेला. पण त्या वर्षी युरोप जिंकणारा संघ त्राब्झोनला येऊन रिकाम्या हातानं परत गेला होता. १९७६-७७ ला त्राब्झोननं लीग आणि तुर्की चषक दोन्ही घरी आणले.

१९८४ नंतर ओहोटी लागली. इस्तंबूलकडे पैसा वाढत गेला, चांगला खेळाडू तिकडे ओढला जाऊ लागला. चषक अधूनमधून आले, लीग नाही. १९९६ मध्ये घरच्या मैदानावर फेनरबाहचेविरुद्ध आघाडी घेऊनही २-१ हरले आणि हातातोंडाशी आलेलं विजेतेपद गेलं. २०१०-११ ला फेनरबाहचेएवढेच ८२ गुण झाले आणि तरी दुसरे राहिले. मधल्या काळात, २०१० मध्ये, बुर्सास्पोरनं लीग जिंकली. त्राब्झोननंतर इस्तंबूलबाहेरचा तोच एक. २०११ च्या सप्टेंबरात त्राब्झोननं इटलीत मिलानला जाऊन तिथल्या इंटर क्लबाला १-० हरवलं, पण लोकांची भूक लीगची होती. ती भागली ३० एप्रिल २०२२ ला, घरी अंताल्यास्पोरशी २-२ बरोबरी करून. तब्बल ३८ वर्षांनी. आजोबांनी पाहिलेलं नातवानं पाहिलं. या वेळी प्रशिक्षक अब्दुल्ला आव्जी, आणि संघात स्लोव्हाकियाचा हामशिक वगैरे परदेशी खेळाडूही होते. काळ बदलला, तसा क्लबही बदलला.

आता तुमचं. माझं म्हणणं असं, की पुढच्या बैठकीत नावाचा आणि रंगाचा विषयच काढू नका. आधी मैदानावर या. दोन्ही पुऱ्यांतले सोळाही पोट्टे मिसळून दोन संघ करा, वरच्या पुऱ्याचा गोलकीपर आणि नाल्यापलीकडचे बॅक असे. महिनाभर तसंच खेळवा. कोण कोणाला चेंडू देतो हे समजलं की संघ आपोआप निवडला जातो. मग नाव गावाचं ठेवा. रंग असा घ्या, जो दोघांपैकी कोणाच्याही गणपतीच्या मांडवाला नाही.

आणि जुन्या मंडळांना पुसून टाकायची गरज नाही, हे म्हाताऱ्यांना आवर्जून सांगा. इद्मानोजाऊचं नाव त्राब्झोनमध्ये अजून आहे. अगदी अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात, त्या नावाचा मुलींचा संघ तुर्कस्तानच्या महिला लीगमध्ये खेळला. तुमच्या एका मंडळानं लहान पोरांचा संघ सांभाळावा, दुसऱ्यानं मुलींचा. काम दोघांनाही पुरून उरेल.

एक गोष्ट राहिली. तुर्कस्तानात गाडीच्या नंबरावर जिल्ह्याचा आकडा असतो, त्राब्झोनचा ६१. त्यामुळे सामन्याचं एकसष्टावं मिनिट लागलं की त्राब्झोनची सगळी गॅलरी उठून एकच जल्लोष करते, मग संघ जिंकत असो की हरत असो. यवतमाळचा नंबर एम. एच. २९. स्पर्धेला बाहेरच्या जिल्ह्यात जाल तेव्हा एकोणतिसाव्या मिनिटाला दोन्ही पुऱ्यांच्या लोकांना एकदमच ओरडावं लागेल. मी आलो तर मीही ओरडीन.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे आणि शाळेच्या संघात गोलकीपर आहे. आमच्याकडे म्हणतात, जिला पळता येत नाही तिला गोलमध्ये उभं करतात. मला पुढे प्रशिक्षक व्हायचं आहे. गोलकीपर प्रशिक्षक होऊ शकते काय?
— एक विद्यार्थिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : बेटा, वरच्या उत्तरात मी एक नाव तुझ्यासाठी राखून ठेवलं. त्राब्झोनच्या त्या सुवर्णकाळातला गोलकीपर शेनोल गुनेश. त्राब्झोनचाच पोरगा. १९७८-७९ च्या हंगामात त्यानं लागोपाठ हजाराहून जास्त मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. नव्वद मिनिटांचे अकरा सामने धरले तरी नऊशे नव्वदच होतात, यावरून अंदाज घे. त्या संघाचा पाया बचाव होता, आणि बचावाला मागून सतत बोलून जागेवर ठेवणारा माणूस गोलमध्ये उभा होता. सगळं मैदान समोर दिसतं ते एकट्या गोलकीपरलाच. प्रशिक्षकाचं निम्मं शिक्षण तिथंच होतं.

पुढे गुनेश प्रशिक्षक झाले. १९९६ चा तो कडू पराभव त्यांच्याच हाताखालच्या संघाचा. तिथं ते थांबले नाहीत. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानचा संघ त्यांनीच नेला आणि तिसरा आणला. तिसऱ्या क्रमांकाचा तो सामना २९ जूनला होता. आमच्याकडे पेरण्या आटोपल्या होत्या, पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर आम्ही वीसेक जण उभे. मी चुन्याची डबी उघडेपर्यंत हाकान शुकुरनं गोल केला होता, अकराव्या सेकंदाला. सगळे त्याच्यासाठी ओरडले. मी मात्र मैदानाबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघत राहिलो, आणि त्राब्झोनचा शोध मला तिथून लागला. आज समुद्रात भर घालून बांधलेल्या नव्या मैदानाच्या संकुलाला शेनोल गुनेश यांचं नाव आहे. आणि २०२२ ला विजेतेपद आणलं, तेव्हा कप्तान होता उगुरजान चाकिर. तोही गोलकीपर.

तेव्हा कोणी काही म्हणो, तू सूर मारायचा सराव कर. मुरमाच्या मैदानावर कोपरं सोलून निघतात, त्यामुळे पोरी घाबरून उभ्याच राहतात आणि मग ती सवय जात नाही. चार रिकामे कट्टे घे, त्यात गव्हांडा दाबून भर. तुरीचं कुटार घेऊ नको, टोचतं. कट्टे गोलच्या एका बाजूला ओळीनं टाक आणि मैत्रिणीला सहा पावलांवरून हातानं चेंडू फेकायला सांग, आधी कमरेच्या उंचीवर, मग जमिनीलगत. उजवीकडे पंचवीस, डावीकडे पंचवीस. डावी बाजू आधी घे, थकल्यावर ती चुकवली जाते.