कर्ज युरोत, पगार ड्रॅक्मात: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: ग्रीसने २०१५ मध्ये युरो सोडून आपला जुना ड्रॅक्मा परत आणला असता, तर त्याच्या डोक्यावरचे कर्ज हलके झाले नसते का? आपणही १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करूनच सावरलो. शिवाय जनतेने सार्वमतात ठाम नकार दिल्यावर तिथल्या सरकारने माघार का घेतली? (निवृत्त बँक अधिकारी, विलेपार्ले)

उत्तर: अवमूल्यनाने कर्ज हलके होते, ही समजूत आधी बाजूला ठेवू. १९९१ च्या जुलैमध्ये १ आणि ३ तारखेला, अशा दोन टप्प्यांत, रुपया उतरवला गेला. त्याने निर्यातीला हातभार लागला. परंतु आपली परकीय देणी मुख्यतः डॉलरसारख्या परकीय चलनांत होती आणि रुपयांत मोजल्यास ती वाढलीच. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने धाडून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले, हे आपल्याला आठवत असेलच. तरीही आपल्याला एक मोठी सोय होती. रुपया आपलाच होता, नोटा लोकांच्या हाती होत्या आणि बँकेतली ठेव दुसऱ्या दिवशीही रुपयांतच राहणार होती, त्यामुळे ती काढून आणायला धावत सुटण्याचे कोणाला कारण नव्हते.

ग्रीसचे घोडे नेमके इथेच अडले होते. ड्रॅक्मा परत येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी प्रत्येक ठेवीदार आपले युरो काढून घेणार, कारण उद्या त्यांच्या जागी मिळणाऱ्या चलनाची किंमत घसरणार हे त्याला ठाऊक असते. ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांनी २०१५ च्या जूनअखेरीस, कर्जदात्यांनी (युरोपीय संस्था आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) घातलेल्या अटींवर सार्वमत जाहीर केले. युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांना मिळणाऱ्या तातडीच्या कर्जाची मर्यादा वाढवण्यास नकार दिला. आणि २९ जूनपासून बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळतील असे ठरले, पण २० च्या नोटा संपू लागल्याने अनेक ठिकाणी हाती ५० चीच नोट पडत होती. कार्ड नसलेल्या निवृत्तिवेतनधारकांसाठी काही शाखा मुद्दाम उघडून त्यांना १२० युरो देण्यात आले. नोटाबंदीच्या रांगा अनुभवलेल्या मुंबईकराला हे चित्र वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे नव्या नोटा अपुऱ्या का होईना छापून येत होत्या, तर अथेन्सपाशी नवे चलनच नव्हते.

५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मते कर्जदात्यांच्या अटींविरुद्ध पडली. मात्र मतपत्रिकेवर युरो सोडण्याचा प्रश्न नव्हताच, आणि बहुसंख्य ग्रीकांना अटी नकोशा असल्या तरी युरो हवा होता. जर्मनीचे अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या मंत्रालयाने तर ग्रीसने पाच वर्षे युरोबाहेर राहावे, असा पर्याय लेखी पुढे केला होता. रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर १३ जुलैला त्सिप्रास यांनी अटी मान्य केल्या आणि ८६ अब्ज युरोपर्यंतच्या तिसऱ्या कर्जाचा मार्ग मोकळा झाला.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येतो. ग्रीसचे कर्ज तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७५ टक्क्यांहून अधिक होते. ड्रॅक्मा निम्म्यावर आला असता, तर ड्रॅक्मांत मोजलेले ते कर्ज दुप्पट झाले असते, आणि उत्पन्न काही रातोरात दुप्पट होत नाही. डोंबिवलीत राहून पगार रुपयांत घ्यायचा आणि घराचा हप्ता दिरहॅममध्ये फेडायचा, अशी ती गत. मग कर्जच ड्रॅक्मात बदलता आले नसते का? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. २०१२ पूर्वी ग्रीसचे बहुतेक सरकारी रोखे ग्रीक कायद्याखाली काढलेले होते. अथेन्सच्या संसदेने कायदा करून ते ड्रॅक्मात फेडायचे ठरवले असते, तर निदान कायद्याचा आधार तरी मिळाला असता. मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांनी दर्शनी किमतीतील निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडले, पण त्या बदल्यात मिळालेले नवे रोखे इंग्लिश कायद्याखालचे, म्हणजे ग्रीक संसदेला बदलता न येणारे होते, आणि उरलेले बहुतेक कर्ज युरोपातील सरकारी संस्था व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे झाले. कर्जमाफीच्या त्या करारानेच बाहेरचा रस्ता बुजवला, असे मी म्हणेन. ज्या काळात बाहेर पडणे तुलनेने स्वस्त होते, त्या काळात फार थोड्यांनी ते गांभीर्याने मांडले. आणि ज्या उन्हाळ्यात सगळे जग त्याविषयी बोलत होते, तेव्हा ते जवळजवळ परवडण्याजोगे उरले नव्हते.

प्रश्न: मग युरो गटाने ग्रीसला हाकलून का दिले नाही? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, दादर)

उत्तर: तशी तरतूदच युरोपीय संघाच्या करारांत नाही. लिस्बन कराराचे ५० वे कलम संपूर्ण युरोपीय संघ सोडण्याची वाट देते, ब्रिटन त्याच वाटेने गेला. केवळ युरो सोडण्याची किंवा कोणाला त्यातून काढण्याची वाट मात्र कोणी आखून ठेवलेली नाही.

प्रश्न: आखातात एके काळी आपला रुपया चालत असे, असे वडील सांगत. तिथल्या देशांनी तो सोडला तेव्हा असा गोंधळ का झाला नाही? (एक वाचक, माझगाव)

उत्तर: वडिलांचे खरे आहे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, आणि ६ जून १९६६ रोजी रुपया डॉलरला ४.७६ वरून ७.५० वर आल्यानंतर इतर बहुतेकांनीही तीच वाट धरली. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. घसरणारे चलन टाकून अधिक भक्कम चलनाकडे जाणाऱ्या देशातला ठेवीदार कशाला पळेल? ग्रीसला याच्या उलट दिशेने जायचे होते.

प्रश्न: महाराष्ट्र किंवा पंजाबवरही मोठे कर्ज आहे. रुपयाच्या बाबतीत असे संकट येऊ शकेल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: राज्याची आर्थिक अडचण होऊ शकते, चलनाचे संकट मात्र तसे उद्भवत नाही, कारण रुपयामागे एक सामाईक तिजोरी आहे. मुंबईतून गोळा होणाऱ्या केंद्रीय करांचा मोठा वाटा इतर राज्यांकडे जातो: पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमध्ये वाटायच्या रकमेतील जवळपास १८ टक्के उत्तर प्रदेशला दिले, महाराष्ट्राला सुमारे ६.३ टक्के. याबद्दल इथे कुरकुर होते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण जर्मन करदात्याने ग्रीसकडे पाठवले ते मुख्यतः कर्ज होते, आपल्याकडे जातो तो वाटा परत मागितला जात नाही. शिवाय घटनेच्या २९३ व्या कलमानुसार राज्यांना देशातच कर्ज उभारता येते, आणि केंद्राचे देणे बाकी असेल तर त्यासाठीही केंद्राची संमती घ्यावी लागते.